सुवाहक की दुर्वाहक? आधी दिशा विचारा! (द्विमितीय थरांमधली उष्णता)



उष्णतेच्या वहनाचा पाठ घेताना आपण सगळेच फळ्यावर दोन रकाने आखतो. डावीकडे सुवाहक, उजवीकडे दुर्वाहक. तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड डावीकडे. लाकूड, काच, कापड, हवा उजवीकडे. मुलं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. तक्ता चुकीचा नाही. पण त्यातून मुलांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसते, की पदार्थ एकतर उष्णता जाऊ देतो नाहीतर अडवतो, म्हणजे प्रत्येक पदार्थाचा एकच स्वभाव असतो.

आजच्या लेखात अशा पदार्थांची ओळख करून घेऊ, ज्यांना या तक्त्यात कुठे बसवायचं तेच कळत नाही. ते आडव्या दिशेने उष्णता झपाट्याने पसरवतात आणि उभ्या दिशेने जवळजवळ हवेइतकी अडवतात. पदार्थ एकच, तुकडाही एकच. आणि गेल्या वीसेक वर्षांत शास्त्रज्ञ हा स्वभाव आपल्याला हवा तसा घडवायलाही शिकले आहेत.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू.

तांब्याच्या बुडाचं पातेलं

स्टीलच्या काही पातेल्यांच्या बुडाला तांब्याचा थर दिलेला असतो. मुलांना विचारा, तो कशाला? हमखास उत्तर येतं, "तांबं सुवाहक आहे, म्हणून उष्णता पटकन वर जाते." उत्तर अर्धवट आहे. बुडाचा पत्रा इतका पातळ असतो की नुसत्या स्टीलमधूनही उष्णता वर जायला फारसा वेळ लागत नाही. अडचण वेगळीच आहे. गॅसची ज्योत गोल कड्यासारखी लागते. स्टील उष्णता आडवी नीट पसरवत नाही, त्यामुळे ज्योतीच्या वरच तेवढा गोल भाग जास्त तापतो आणि दूध नेमकं तिथेच लागतं. तांबं ही उष्णता आडवी पसरवतं आणि सगळं बूड सारखं तापतं.

आकड्यांत सांगायचं तर उष्णता वाहून नेण्याची क्षमता म्हणजे उष्मावाहकता 'वॅट प्रति मीटर प्रति केल्विन' या एककात मोजतात. पुढे दरवेळी एकक लिहीत नाही, नुसता आकडा देते. तांबं सुमारे ४००, ॲल्युमिनियम सुमारे २३७, आपल्या भांड्यांचं स्टील जेमतेम १५, साधी काच १ च्या आसपास, लाकूड ०.१ ते ०.२ आणि स्थिर हवा ०.०२६. आकडा जितका मोठा, तितकी उष्णता सहज जाते.

म्हणजे उष्णतेच्या बाबतीत 'किती' जाते हा एक प्रश्न झाला आणि 'कुठल्या दिशेने' जाते हा दुसरा. दुसरा प्रश्न आपण वर्गात विचारतच नाही. खरं तर त्याचं उदाहरण सुताराकडे कधीचंच आहे. लाकडात रेषांच्या दिशेने उष्णता जितकी जाते, त्याच्या साधारण निम्मीच रेषांना आडवी जाते. लाकूड दोन्ही दिशांनी दुर्वाहकच, पण सारखं नाही.

लाकडात हा फरक दुपटीचा आहे. ग्राफाईटमध्ये तो शेकड्यांनी असतो.

पेन्सिलीच्या शिसात दडलेला पत्त्यांचा जोड

ग्राफाईट म्हणजे कार्बन, हे पुस्तकात आहे. कार्बनचे अणू मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीत एकमेकांना घट्ट बांधलेले असतात आणि असे सपाट थर पत्त्यांच्या जोडासारखे एकावर एक रचलेले असतात. दोन थरांत सुमारे ०.३३५ नॅनोमीटर अंतर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या हिशोबाने एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाईटमध्ये जवळजवळ तीस लाख थर झाले. मुलांना हा भागाकार स्वतः करू द्या, त्यांना मजा येते.

थराच्या आतले बंध फार मजबूत असतात. पण थर आणि थर यांच्यात असतं ते फक्त व्हॅन डर वाल्स बल, अगदी दुबळं. म्हणूनच पेन्सिल कागदावर टेकवून ओढली की थर सुटून कागदावर राहतात आणि अक्षर उमटतं.

आता या दोन दिशांची उष्मावाहकता बघा. चांगल्या ग्राफाईटमध्ये थराच्या दिशेने ती २००० च्या घरात जाते, म्हणजे तांब्याच्या पाचपट. आणि थर ओलांडून जायचं म्हटलं तर ६ ते १०, म्हणजे आपल्या स्टीलपेक्षाही कमी. दोन-तीनशे पटींचा फरक! ज्या दुबळ्या बलामुळे पेन्सिल लिहिते, तेच बल उष्णतेलाही थर ओलांडू देत नाही.

बऱ्याच मोबाईलच्या आत ग्राफाईटचा पातळ काळा कागद चिकटवलेला असतो, तो याच गुणासाठी. प्रोसेसरची चिप एका जागी तापते, तो कागद ती उष्णता आडवी पसरवतो आणि आपल्या बोटाला एकाच ठिकाणी चटका बसत नाही. तांब्याच्या बुडाचंच काम, फक्त जागा बदलली.

यातला एकच थर वेगळा काढला तर त्याला ग्राफीन म्हणतात. २००४ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी तो वेगळा काढून दाखवला, तोही साध्या चिकटपट्टीने ग्राफाईटचे पापुद्रे पुन्हा पुन्हा सोलून. २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. एक-दोन थरांच्या अशा पदार्थांना 'द्विमितीय पदार्थ' म्हणतात. लांबी-रुंदी आहे, जाडी मात्र अणूएवढी.

ग्राफीनची उष्मावाहकता २००८ मध्ये कॅलिफोर्नियात मोजली गेली, तेव्हा ५००० च्या जवळपास आकडा आला. पुढच्या मोजमापांत बहुतेक वेळा २००० ते ४००० च्या दरम्यान आकडे मिळाले, पण तेही हिऱ्याच्या बरोबरीचे किंवा वरचढ. मोजलं कसं, हे विज्ञान दिनाला आवर्जून सांगण्यासारखं आहे. अणूएवढ्या जाड थराला तापमापक लावणार कुठून? म्हणून त्यांनी लेझरचा प्रकाश टाकला आणि ग्राफीनवरून विखुरलेल्या प्रकाशाच्या रंगात तापमानानुसार होणारा बारीकसा बदल मोजला. हा रामन परिणाम. २८ फेब्रुवारीला ज्या शोधासाठी आपण शाळेत विज्ञान दिन साजरा करतो, तोच १९२८ चा शोध इथे तापमापक झाला.

उष्णता थरातून जाते म्हणजे नेमकं काय होतं?

धातूंमध्ये उष्णता मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉन वाहून नेतात. आपण बघतो आहोत त्या थरांच्या पदार्थांत मात्र हे काम अणूंच्या थरथरण्याचं आहे. एक अणू हलला की बंधामुळे शेजारचा हलतो, मग त्याचा शेजारी. अशी लाट पुढे जाते. या लाटांच्या छोट्यात छोट्या हिश्शाला फोनॉन म्हणतात. मुलांना शब्द नाही सांगितला तरी चालेल, लाट मात्र कळायला हवी.

त्यासाठी मैदानावर हा खेळ घ्या. लेझीमला उभं करतो तशी मुलांची रांग करा आणि शेजाऱ्यांचे हात घट्ट धरायला सांगा. मागे तशीच दुसरी रांग, मग तिसरी. पुढच्या रांगेतल्या प्रत्येक मुलाची ओढणी किंवा दोरी त्याच्या बरोबर मागच्या मुलाच्या हातात द्या, पण सैल. आता पहिल्या रांगेच्या टोकाच्या मुलाला हलकंसं हलवा. रांगेतून लाट सर्रकन दुसऱ्या टोकाला जाते. मागच्या रांगेपर्यंत मात्र फारच थोडं हलणं पोहोचतं. घट्ट हात म्हणजे थरातले बंध, सैल ओढणी म्हणजे व्हॅन डर वाल्स बल.

खेळाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. मधली रांग तिरकी वळवा. रांगेतले हात तसेच घट्ट ठेवायचे, फक्त सगळी रांग वळलेली. आता कुणाच्याच बरोबर मागे कुणी नाही. कुणाची ओढणी दोघांच्या मध्ये येते, कुणाची ताणली जाते, कुणाची लोंबते. पुढची रांग डावीकडे हलली तर मागच्या रांगेला कळतच नाही की आपण कुठे हलायचं. पण त्या वळलेल्या रांगेच्या एका टोकाला हलवलं तर? लाट पूर्वीसारखीच सर्रकन जाते! रांगेतल्या कुणीच हात सोडलेला नाही.

हे लक्षात ठेवा, याच्यावर पुढचं सगळं उभं आहे.

विजेला बटण आहे, उष्णतेला का नाही?

हा प्रश्न सातवीतल्या मुलांना आवडतो. दिव्याचं बटण दाबलं की वीज बंद. उष्णतेचं असं बटण का नसतं?

याचं एक कारण आकड्यांतच आहे. तांबं आणि काच यांच्या विद्युतवाहकतेची तुलना केली तर १ वर अठरा-वीस शून्यं एवढा फरक निघतो. म्हणून तारेवर प्लास्टिकचं पातळ वेष्टन चढवलं की काम भागतं. उष्णतेचं बघा. हिरा सुमारे २२०० आणि हवा ०.०२६. रोजच्या पदार्थांतली ही जवळजवळ दोन टोकं, आणि त्यांच्यातला फरक एक लाख पटींच्याही आत. उष्णतेला पूर्ण अडवणारा घन पदार्थच नाही. प्रत्येक पदार्थाचे अणू थरथरतात, त्यामुळे प्रत्येकातून ती थोडी तरी झिरपतेच. थर्मासमधल्या निर्वातातून वहन थांबतं, पण तिथेही प्रारण उरतंच, म्हणून काच चकचकीत करावी लागते.

घरात ही अडचण आपण जाडी वाढवून सोडवतो. थंडी जास्त पडली तर गोधडीत जुन्या साड्यांचे आणखी दोन थर. पण चिपमध्ये जाडीला जागा नसते. दोन भाग काही नॅनोमीटरवर शेजारी शेजारी, एक तापतो आणि दुसऱ्याला गरम होऊन चालत नाही. हल्ली मेमरीच्या चिप एकावर एक रचतात, मग मधल्या चिपने उष्णता टाकायची कुठे? मे महिन्यात भर दुपारी फोन वापरताना तो एकदम मंदावतो किंवा 'गरम झाला आहे' असं सांगून बंदच पडतो, त्याचं मूळ इथेच आहे. चिप चालू शकते त्याहून हळू चालवली जाते, कारण उष्णता बाहेर जात नाही. संगणकाच्या क्षेत्रातला हा मोठाच अडथळा आहे. त्यासाठी हवं असतं ते असं काही, जे आडवं पसरवेल, उभं अडवेल आणि जागा अजिबात खाणार नाही.

आधी कागद-पेन्सिलीने करून बघू

असा पदार्थ आपण वहीत तयार करू शकतो. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि तेवढाच जाड कागद आलटूनपालटून रचा. ॲल्युमिनियम २३७, कागद समजा ०.१.

आडव्या दिशेने उष्णतेला दोन्ही वाटा एकाच वेळी मोकळ्या आहेत. दहावीतली समांतर जोडणीच. म्हणून सरासरी काढायची: २३७ अधिक ०.१, भागिले २, म्हणजे सुमारे ११८. कागद असला-नसला तरी फार बिघडत नाही, उष्णता ॲल्युमिनियममधून निघून जाते.

उभ्या दिशेने मात्र प्रत्येक थर ओलांडावाच लागतो. ही एकसर जोडणी. इथे रोध मिळवायचे, म्हणजे आकड्यांचे व्यस्त. १ भागिले २३७ अधिक १ भागिले ०.१, हे झालं साधारण १०. दोन थर म्हणून २ भागिले १०, उत्तर ०.२. आता ॲल्युमिनियम असलं-नसलं तरी काही फरक पडत नाही!

११८ आणि ०.२. जवळजवळ ६०० पट फरक. यात खास काही नाही, कारण आपण एक सुवाहक आणि एक दुर्वाहक घेतला. आता कागद काढून टाका आणि एकाच पदार्थात हा फरक आणून दाखवा, असं म्हटलं तर?

थर फिरवून ठेवले, बस्स

मॉलिब्डेनम डायसल्फाईड हे नाव लांबलचक आहे, पण पदार्थ गॅरेजवाल्यांच्या ओळखीचा. काही काळ्या ग्रीसमध्ये तो मिसळतात. त्याचेही थर असतात आणि ते एकमेकांवर घसरतात, म्हणून तो वंगणाला चांगला. एक थर म्हणजे गंधकाचे अणू, मध्ये मॉलिब्डेनम, खाली पुन्हा गंधक, असं तीन अणूंचं सँडविच. जाडी सुमारे ०.६५ नॅनोमीटर.

शिकागो विद्यापीठात जिवूंग पार्क यांच्या गटाने या पदार्थाचे एकेक थर मोठ्या आकारात वाढवले आणि निर्वातात एकावर एक रचले. रचताना एकच गोष्ट केली: थर जुळवले नाहीत. प्रत्येक थर वाटेल तसा फिरलेला, एकाचा कोन दुसऱ्याला माहीत नाही. २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. पहिलं नाव शि एन किम या संशोधक विद्यार्थिनीचं होतं.

निकाल असा. उभ्या दिशेने उष्मावाहकता ०.०५७. हवेचा आकडा आठवा, ०.०२६. म्हणजे एक भरीव घन पदार्थ, आत हवेचा बुडबुडाही नाही, आणि तो हवेच्या दुपटीवर! नेहमीच्या, नीट जुळलेल्या थरांच्या स्फटिकात हाच आकडा २ ते ५ असतो. आडव्या दिशेने मात्र वाहकता टिकून राहिली. दोन्ही दिशांचं गुणोत्तर जवळजवळ ९००. आपल्या ॲल्युमिनियम-कागदाच्या जोडापेक्षा जास्त, आणि इथे कागद नाहीच.

मैदानावरचा खेळ आठवतो ना? रांग वळवली, पण हात सुटले नाहीत.

इथे हुशार मुलं एक शंका काढतात, आणि ती काढायलाच हवी: "अणूंची रचना विस्कटली की उष्णता अडते, तर मग काचेसारखं सगळंच का नाही विस्कटायचं?" काचेत अणू अस्ताव्यस्त असतात हे बरोबर. पण तिथे सगळ्याच दिशांचे हात सुटलेले असतात, त्यामुळे उष्णता आडवीही पसरत नाही. आणि गंमत म्हणजे काच उभ्या दिशेनेही या फिरवलेल्या थरांइतकी अडवत नाही. चिपमध्ये वापरतात ती सिलिकाची काच १.४ च्या आसपास, इथे ०.०५७. पंचवीसपट फरक. थर शाबूत ठेवून फक्त त्यांची एकमेकांशी असलेली ओळख तोडणं जास्त परिणामकारक ठरलं.

थोडं खोलात जायचं असेल तर असं समजा. थर ओलांडणाऱ्या लाटा दोन तऱ्हेच्या असतात. एक थरांना आडवं सरकवत जाते, दुसरी थरांना वर-खाली दाबत जाते. जुळलेल्या थरांत अणू एकमेकांच्या खाचेत बसलेले असतात, त्यामुळे एक सरकला की दुसरा ओढला जातो. फिरवलेल्या थरांत खाच जुळतच नाही, थर एकमेकांवर सहज घसरतात आणि सरकवणारी लाट जवळजवळ तिथेच अडकते. दाबणारी लाट जाते, पण तीही अडखळत.

गोधडीशी तुलना करायचा मोह होतो, मलाही झाला. पण वर्गात जपून करा. गोधडी ऊब देते ती मुख्यतः थरांत अडकलेल्या हवेमुळे. इथे थरांच्या मध्ये हवा नाही, तितकी जागाच नाही. अडवणारी गोष्ट आहे ती फक्त न जुळलेले अणू.

या गटाने सोन्याच्या अतिसूक्ष्म तारांवर ही फिल्म चढवून बघितली. तारेतून वीज सोडली की तार तापते. फिल्मने ती उष्णता आडवी पसरवली, तार कमी तापली आणि फिल्मच्या वरच्या बाजूला उष्णता फारशी पोहोचली नाही. तांब्याचं बूड आणि लाकडी मूठ, दोन्ही कामं काही नॅनोमीटरमध्ये.

याआधीचा एक चमत्कारिक प्रयोग

ही कल्पना २०२१ मध्ये आभाळातून पडली नव्हती. २००७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय आणि ओरेगॉन विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी टंगस्टन डायसेलेनाईडचे असेच न जुळलेले थर तयार केले होते. उभ्या दिशेने आकडा ०.०५ आला, त्याच पदार्थाच्या नीट स्फटिकापेक्षा तीसपट कमी. याहून कमी होणारच नाही असा सिद्धांताने काढलेला जो तळ होता, त्याच्याही सहापट खाली.

मग त्यांनी त्या फिल्मवर आयनांचा मारा केला आणि थरांची रचना मोडली. एरवी स्फटिकाची अशी मोडतोड केली की उष्मावाहकता कमी होते. इथे उलट झालं, वाढली! कारण थर मोडल्यामुळे जिथे दुबळं बल होतं तिथे काही ठिकाणी अणू एकमेकांना जोडले गेले. रांगा मोडून मुलं एकमेकांत मिसळली तर मागपर्यंत धक्का पोहोचतो, तसंच. या कामात असलेले डेव्हिड केहिल पुढे शिकागोच्या कामातही होते.

केहिल यांची मोजण्याची पद्धत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फिल्मवर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा देतात. लेझरची एक अतिशय छोटी चमक तो तापवते. मागून दुसरी चमक येते आणि तो मुलामा किती थंड झाला ते त्याच्या चकाकीवरून सांगते, कारण तापमान बदललं की धातूचं परावर्तन किंचित बदलतं. दोन चमकांमध्ये सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाचं अंतर ठेवायचं असेल तर कसलं घड्याळ वापरणार? घड्याळ नाहीच. दुसऱ्या चमकेला ०.३ मिलिमीटर जास्त लांबच्या वाटेने पाठवतात. प्रकाशाला तेवढं अंतर कापायला तेवढाच वेळ लागतो! आरसा सरकवायचा, वेळ बदलायची.

वळवण्याशिवाय आणखी काय करता येतं?

बरंच काही. थर वेगवेगळ्या पदार्थांचे घेता येतात. स्टॅनफर्डच्या गटाने २०१९ मध्ये ग्राफीन, मॉलिब्डेनम आणि टंगस्टनच्या संयुगांचे एकेक थर एकावर एक ठेवले. ग्राफीनचे अणू हलके, टंगस्टनचे जड. हलक्याची थरथर वेगळ्या तालाची, जडाची वेगळ्या. ताल जुळला नाही की लाट परत फिरते. दोनेक नॅनोमीटरच्या या चळतीने तिच्याहून शंभरपटींहून जाड सिलिकाच्या काचेइतकी उष्णता अडवली.

वजनाचा असाच खेळ एका थराच्या आतही चालतो. निसर्गातल्या कार्बनमध्ये शंभरात साधारण एक अणू जरा जड असतो, कार्बन-१३. २०१२ मध्ये हे जड अणू जवळजवळ सगळे काढून ग्राफीन बनवलं, तेव्हा उष्मावाहकता ४००० च्या वर गेली. निम्मे हलके आणि निम्मे जड असे मिसळले, तर निम्म्याहून खाली. आणि काहीच न बदलता ग्राफीन नुसतं काचेवर टेकवलं, तरी आकडा ६०० च्या आसपास उतरतो. खालचा पृष्ठभाग थरथरीला हात लावतो म्हणा ना.

पण खऱ्या अर्थाने बटणाच्या जवळ जाणारा प्रयोग २०१८ चा, तोही स्टॅनफर्डचा. मोबाईलच्या बॅटरीत चार्जिंग करताना लिथियमचे आयन ग्राफाईटच्या थरांमध्ये जाऊन बसतात आणि फोन वापरताना बाहेर येतात. तेच त्यांनी मॉलिब्डेनम डायसल्फाईडच्या सुमारे १० नॅनोमीटर जाडीच्या थरांत केलं. विजेच्या दाबाने लिथियम आत ढकललं की थर फाकतात, विस्कटतात, लाटा अडतात. लिथियम बाहेर काढलं की वाट पुन्हा मोकळी. उष्णता वाहण्यात जवळजवळ दहापट फरक पडला आणि तो परत परत करता आला.

दिव्याच्या बटणाशी तुलना केली तर हे बटण फार आळशी आहे. चालू-बंद व्हायला मिनिटं लागतात, आणि बंद केल्यावरही दहावा हिस्सा उष्णता जातच राहते. फिरवलेल्या थरांना तर बटणच नाही, एकदा रचले की तो स्वभाव कायमचा. शिवाय एकेक थर वाढवून रचण्याचं काम प्रयोगशाळेत जमतं, कारखान्यात लाखो चिपवर करायचं म्हणजे वेळ आणि खर्च दोन्ही आले. त्यामुळे फोनमध्ये सध्या ग्राफाईटचा काळा कागदच आहे.

वर्गासाठी स्वाध्याय

१. फळ्यावरचा तक्ता पुन्हा आखा, पण या वेळी तीन रकाने ठेवा: पदार्थ, आडवी दिशा, उभी दिशा. तांबं, लाकूड, ग्राफाईट आणि फिरवलेले थर भरा. तांब्याच्या दोन्ही रकान्यांत एकच आकडा का येतो, हे मुलांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या.

२. तांबं (४००) आणि काच (१) यांचे सारख्या जाडीचे थर आलटूनपालटून रचले, तर आडव्या आणि उभ्या दिशेच्या उष्मावाहकता काढा. गुणोत्तर साधारण १०० यायला हवं.

३. अभ्रकाचा तुकडा मिळाला तर आणा. जुन्या इस्त्रीच्या दुरुस्तीच्या दुकानात मिळतो. नखाने पापुद्रे सोलून बघा आणि ते एका दिशेने सहज सुटतात, दुसऱ्या दिशेने का फाटतात, ते विचारा.

४. पेन्सिलीच्या शिसात ग्राफाईटची पूड आणि माती मिसळून भाजलेली असते. म्हणजे ग्राफाईटचे बारीक तुकडे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले आणि मध्ये माती. मग शिसाच्या एका टोकाला उष्णता दिली तर त्याची उष्मावाहकता २००० च्या जवळ असेल, ६ च्या जवळ, की भलतीकडेच? दोन गट करून चर्चा घ्या आणि प्रत्येक गटाला कारण द्यायला लावा.